तोफेची नळी आणि तोफचीचा कान

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सैनिक नोकरी संपवून घरी निघतो, त्याआधी रिलीज मेडिकल बोर्डापुढे त्याची तपासणी होते. त्यासाठी एएफएमएसएफ-१६ या क्रमांकाचा छापील फॉर्म असतो आणि त्याचा एक भाग सैनिकाने स्वतः सांगायच्या माहितीसाठी राखलेला असतो. सेवेतील कोणत्या प्रसंगामुळे आपला विकार झाला किंवा वाढला असे तुम्हाला वाटते, त्याचा तपशील द्या, असा एक प्रश्न त्यात आहे. मी तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये क्लार्क होतो आणि हवालदार या हुद्द्यावरून निवृत्त झालो. या प्रश्नापुढे कितीतरी जवानांच्या वतीने मी स्वतःच्या हाताने ‘निल’ हा शब्द टाइप केला आहे. जवान टेबलासमोर उभा असे, दुसऱ्या दिवशीच्या गाडीचे वॉरंट, म्हणजे प्रवासाचा सरकारी पास, त्याच्या खिशात असे, आणि मी प्रश्न वाचून दाखवला की तो म्हणे, ‘‘लिहा बाबूजी, काही नाही म्हणून.’’ मी लिहीत असे. त्या एका शब्दाने पुढे किती घरांचे नुकसान केले, हे गावी परतल्यावर लोक कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागले तेव्हा मला समजले. तोफांच्या आवाजाने ज्यांचे कान गेले आणि तरी ज्यांना अपंगत्वाचे निवृत्तिवेतन नाकारले जाते, त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझा जिल्हा सातारा. पहिल्या महायुद्धात ज्या अपशिंगे गावाने ४६ माणसे गमावली आणि ज्याला लोक आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात, ते गाव याच जिल्ह्यात आहे. इथे घरटी एक माणूस फौजेत असणे ही नवलाची गोष्ट नाही, त्यामुळे पेन्शनच्या कागदांचे प्रश्नही घरोघरी आहेत. रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर दोन-चार माजी सैनिक बसलेले असतात. कुणाच्या पीपीओमध्ये (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) पत्नीचे नाव चुकलेले असते, कुणाचे ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीतले जीवन प्रमाणपत्र अडलेले असते. ही कामे चिकाटी धरली की होतात. ऐकू कमी येण्याच्या दाव्यांचे मात्र तसे होत नाही, आणि असे दावे घेऊन येणारे बहुतेकजण तोफखान्यातले, थोडे पायदळातले आणि रणगाड्यांवरचे असतात.

त्यांतल्या एकाचे उदाहरण त्याच्या परवानगीने, नाव न देता सांगतो. सतरा वर्षांच्या नोकरीत तो आधी १०५ मिलिमीटरच्या इंडियन फील्ड गनवर आणि नंतर १५५ मिलिमीटरच्या बोफोर्सवर होता. त्याच्या घरी गेलो की त्याची पत्नी त्याला हाक मारत नाही, समोर येऊन खांद्याला हात लावते. त्याला आवाज येतो, शब्द येत नाहीत. किराणा दुकानदाराने ‘आठ’ म्हटले की ‘साठ’, हे त्याला ओठांकडे पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. घरात पाहुणे जमले आणि दोघे-तिघे एकदम बोलू लागले की तो उठून अंगणात जातो. लोकांना वाटते, निवृत्त झाल्यापासून हा माणूसघाणा झाला. रात्री सगळे निजल्यावर त्याच्या कानात रातकिड्यासारखा एकसुरी आवाज सुरू होतो आणि तो पहाटेपर्यंत थांबत नाही. त्याच्या बोर्डाच्या कागदावर दोन्ही कानांच्या मज्जातंतूंशी संबंधित श्रवणदोष असे निदान आहे, अपंगत्वाचे प्रमाण ‘१५ ते १९ टक्के’ दिलेले आहे, आणि त्याखाली हा विकार लष्करी सेवेमुळे झालेला नाही व सेवेमुळे वाढलेलाही नाही, असा शेरा आहे. या शेऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून फौजी लोक अशा प्रकरणाला ‘नाना केस’ म्हणतात. कागदावर ‘नाना’ आले की अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दरवाजा तिथेच बंद होतो.

तोफेजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाच्या कानाचे काय होते, हे वैद्यकशास्त्राला पक्के ठाऊक आहे. आपण बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो. आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज सोसण्याजोगा मानतात आणि स्फोटासारख्या क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही कमाल मर्यादा धरली जाते. रायफलच्या गोळीचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ही मर्यादा ओलांडतो आणि मोठ्या तोफेजवळ तो १७० डेसिबलच्याही वर जातो. डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नसते, दर १० डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते. म्हणजे १४० आणि १७० यांच्यातला फरक हजारपटीचा आहे. आतल्या कानात शंखाच्या आकाराच्या नळीत केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. एका कानात त्या जेमतेम पंधरा-सोळा हजार असतात आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोळीबारानंतर कानाचे दडे बसतात, दोन दिवसांनी मोकळे झाल्यासारखे वाटते, जवान समजतो की बरे झाले. दर वेळी थोड्या पेशी कायमच्या गेलेल्या असतात, हे त्याला कुणी सांगत नाही.

या नुकसानीची खूणही वेगळी असते. वयाने येणाऱ्या बहिरेपणात ऑडिओग्रामची, म्हणजे श्रवण तपासणीच्या आलेखाची, रेघ वरच्या पट्टीकडे हळूहळू उतरत जाते. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेत ती ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखी खाली जाते आणि ८,००० हर्ट्झजवळ पुन्हा थोडी वर येते. आवाजाचा मारा वर्षानुवर्षे चालू राहिला किंवा वयही वाढले तर हा खड्डा रुंदावतो आणि पुसट होतो, पण पस्तिशी-चाळिशीत घरी येणाऱ्या जवानाच्या आलेखात तो बहुधा स्पष्ट दिसतो. स, श, फ, ठ ही व्यंजने याच वरच्या पट्टीत आपली ओळख पटवतात. ती गेली की स्वर ऐकू येतात आणि शब्द हरवतात. माझ्या तोफचीला ‘आठ’ आणि ‘साठ’ सारखेच वाटतात, त्याचे कारण हे आहे. बोर्डाने जर केवळ ५००, १,००० आणि २,००० हर्ट्झची सरासरी काढली, तर हा खड्डा हिशेबात येतच नाही आणि माणूस कागदावर बऱ्यापैकी ऐकणारा ठरतो. कानातला अखंड आवाज तर कोणत्याच आलेखावर उमटत नाही.

आता नियमांकडे येतो, कारण नियम सैनिकाच्या विरुद्ध आहेत असा गैरसमज खुद्द माजी सैनिकांमध्येच फार आहे. लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन रेग्युलेशन्समधील १७३ व्या कलमानुसार, लष्करी सेवेमुळे झालेले किंवा सेवेमुळे वाढलेले अपंगत्व २० टक्के अथवा त्याहून अधिक असेल आणि त्या कारणाने सैनिकाला सेवेतून बाहेर काढले असेल, तर त्याला अपंगत्व निवृत्तिवेतन देता येते. त्याला जोडून १९८२ चे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे हक्क ठरवणारे नियम, आले. दोन्हींच्या नव्या आवृत्त्या २००८ मध्ये आल्या, पण त्याआधी बाहेर पडलेल्यांना १९८२ चे नियम लागू आहेत. त्यांतल्या चौथ्या नियमाप्रमाणे, भरतीच्या वेळेपेक्षा खालच्या वैद्यकीय श्रेणीत सेवा संपवणारा सैनिकही वैद्यकीय कारणाने बाहेर पडल्यासारखाच मानायचा असतो. पाचवा नियम सांगतो की भरतीच्या वेळी काही नोंद नसेल तर जवान त्या दिवशी धडधाकट होता असे गृहीत धरायचे. नवव्या नियमाप्रमाणे दावा सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्यालाच द्यायचा. चौदाव्या नियमात असे आहे, की ज्या रोगाची भरतीच्या वेळी नोंद नव्हती आणि ज्याने सैनिकाला बाहेर पडावे लागले, तो रोग सेवेतच उद्भवला असे सामान्यतः मानायचे, आणि भरतीच्या तपासणीत तो सापडणे शक्य नव्हते असे डॉक्टरांचे मत असेल तर त्यांनी त्याची कारणे लिहायची. सेवेच्या परिस्थितीने त्या रोगाला हातभार लावला का, हा प्रश्न त्यानंतर उरतो. तोफचीच्या बाबतीत त्याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागू नये.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या जुलैमध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात या सर्व नियमांचा एकत्र अर्थ लावला. ते सिग्नल कोअरमधले, सुमारे नऊ वर्षे नोकरी झालेले सैनिक होते आणि त्यांचा विकार अपस्माराचा होता, कानाचा नव्हता. तरी त्या निकालातले सूत्र प्रत्येक विकाराला लागू पडते. वैद्यकीय मंडळाने कारणे न देता ‘सेवेशी संबंध नाही’ असे लिहून भागत नाही. हा निकाल येऊन इतकी वर्षे झाली, तरी माझ्याकडे येणाऱ्या कागदांवर कारणाच्या रकान्यात अनेकदा एकच ओळ असते आणि तीही वेगवेगळ्या माणसांच्या कागदांवर शब्दशः सारखीच असते. ती ओळ लिहिणारे डॉक्टर वाईट आहेत असे मी म्हणत नाही. मी स्वतः ‘निल’ टाइप करत होतो तेव्हा मीही वाईट नव्हतो. समोर कागदांचा ढीग असतो, आणि त्या कानाचा इतिहास सांगणारे एकही पान डॉक्टरांसमोर नसते.

टक्केवारीचा मुद्दा वरवर रुक्ष वाटेल, पण घराचा हिशेब तिथेच बदलतो. पूर्ण १०० टक्के अपंगत्वासाठी अपंगत्वाचा हिस्सा हिशेबात धरल्या जाणाऱ्या शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. २००१ साली निघालेल्या सरकारी आदेशाने, १९९६ पासून, वैद्यकीय कारणाने बाहेर काढलेल्यांचे ५० टक्क्यांखालचे अपंगत्व ५० टक्के धरावे, ५० ते ७५ चे ७५ आणि त्यापुढचे १०० धरावे, असे ठरले. २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांनाही हा लाभ दिला. समजा, हिशेबाचे वेतन ४०,००० रुपये आहे. अपंगत्व २० टक्के लिहिले गेले तर ते ५० धरले जाऊन महिन्याला ६,००० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. तेच अपंगत्व ‘१५ ते १९ टक्के’ लिहिले तर मुदत संपवून आलेल्याच्या हातात एक रुपयाही पडत नाही, कारण २० च्या खाली हा हिस्सा मागता येत नाही असे २०१९ मध्ये विंग कमांडर राठोर यांच्या प्रकरणात स्पष्ट झाले आहे. ज्याला मुदतीपूर्वीच वैद्यकीय कारणाने काढून टाकले, त्याच्यासाठी मात्र २०१४ चा सुखविंदर सिंग निकाल आहे. सेवेतून काढून टाकण्याइतके अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा अधिकच असले पाहिजे, असे न्यायालय तिथे म्हणते. हे दोन निकाल वेगवेगळ्या माणसांसाठी आहेत आणि ते न समजल्यामुळे अपिले चुकीच्या आधारावर लिहिली जातात, म्हणून इथे मुद्दाम वेगळे करून सांगितले.

एका टक्क्याच्या या कडेवर ज्याचे निवृत्तिवेतन ठरते, त्याचा कान कसा तपासला जातो? भरतीच्या वेळी जवानाला सुमारे सहा मीटरवर उभे करतात, एक कान बंद करतात, आणि पाठीमागून परीक्षक आधी साध्या आवाजात व मग कुजबुजत्या आवाजात शब्द किंवा आकडे उच्चारतो. ऐकू आले ते जवानाने परत म्हणायचे. माझ्या काळात पुढच्या तपासण्यांनाही बहुतेकदा हीच पद्धत होती. शांत खोलीत, एकच माणूस बोलत असताना, नेहमीचेच आकडे ओळखणे ४,००० हर्ट्झचा खड्डा पडलेल्या कानालाही जमून जाते. जे जमत नाही ते अंदाजाने म्हटले जाते आणि वहीत ‘नॉर्मल’ लिहिले जाते. अशी दहा वर्षे ‘नॉर्मल’ लिहिली गेली आणि अकराव्या वर्षी दोष सापडला, की मधल्या दहा वर्षांच्या चांगल्या नोंदीच त्याच्या विरुद्धचा पुरावा होतात.

जवान स्वतः का बोलत नाही, असे विचारणाऱ्यांना फौजेतली एक रीत ठाऊक नसते. वैद्यकीय श्रेणीची ‘शेप’ नावाची पद्धत आहे, तिच्यातले दुसरे अक्षर श्रवणाचे. कानाची श्रेणी खाली गेली की जवान ‘लो मेडिकल कॅटेगरी’त येतो. त्याचा पदोन्नतीचा कोर्स अडू शकतो, बाहेरच्या तैनातीची संधी जाऊ शकते, सेवेची मुदत वाढवून मिळणे अवघड होते. गावाकडे बहिणीचे लग्न उरकायचे असते, घराचे कर्ज असते. असा माणूस कानात भुणभुण होते म्हणून सिक रिपोर्ट करत नाही, म्हणजे डॉक्टरकडे तक्रार नोंदवत नाही. कापसाचे बोळे घालून तो पुन्हा तोफेवर जातो. बोळ्यांनी आवाज फारसा अडत नाही, हे त्यालाही कळते, पण कानात घट्ट बसणारी साधने घातली तर नंबर एकचा, म्हणजे तोफेच्या प्रमुखाचा, हुकूम ऐकू येत नाही आणि हुकूम चुकला तर माणसे मरतात. कर्तव्य आणि कान यांच्यात त्याने कर्तव्य निवडलेले असते. त्या निवडीचाच पुढे ‘तक्रार नव्हती’ असा अर्थ काढला जातो.

ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त खंत वाटते, ती आता सांगतो. तोफखान्यात प्रत्येक तोफेची स्वतंत्र लॉगबुक असते. कोणत्या तारखेला, कोणत्या चार्जचे (दारूच्या मात्रेचे) किती गोळे त्या नळीतून गेले, हे त्यात लिहावे लागते, कारण प्रत्येक गोळ्याने नळी आतून झिजते आणि ठरावीक झिजेनंतर ती बदलली नाही तर मारा चुकतो, प्रसंगी नळी फुटते. देवळालीच्या रेंजवर सराव असो की सरहद्दीवरचा मारा, संध्याकाळी अंग मोडून आले तरी ही नोंद चुकत नसे. रेजिमेंटच्या कार्यालयात मी या वह्या तपासल्या आहेत. पंधरा वर्षांपूर्वी एखाद्या नळीतून किती गोळे गेले, ते एका ओळीत सांगता येते. त्या प्रत्येक गोळ्याच्या वेळी नळीपासून काही पावलांवर उभ्या असलेल्या माणसांच्या कानांतून किती गोळे गेले, याची मात्र एक ओळही कुठे नाही. नळी लोखंडाची आहे आणि बदलून मिळते. १९९९ च्या कारगिल लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. त्या गोळ्यांचा हिशेब आहे, म्हणूनच हा आकडा आपल्याला माहीत आहे.

या वह्या सैनिकाच्या कामी आणता येतील, असे मला अनुभवाने वाटते. कोणता जवान कोणत्या बॅटरीत, म्हणजे रेजिमेंटच्या कोणत्या तोफांच्या तुकडीत, कोणत्या काळात होता, हे त्याच्या शीटरोलवरून (सेवेच्या नोंदपत्रावरून) कळते. त्या काळात त्या बॅटरीच्या तोफांनी किती गोळे डागले, हे लॉगबुकवरून कळते. दोन्ही कागद सरकारच्याच ताब्यात आहेत. ते एकमेकांशेजारी ठेवले तर ‘सेवेशी संबंध नाही’ असे लिहिणाऱ्या हाताला क्षणभर तरी थांबावे लागेल. पायदळातल्या ८४ मिलिमीटरच्या रॉकेट लाँचरवरच्या जवानांना, अहिल्यानगरच्या रणगाड्यांवर तयार झालेल्यांना, जहाजाच्या इंजिनरूममध्ये वर्षे काढणाऱ्यांना आणि विमानतळावरच्या तंत्रज्ञांनाही त्यांच्या त्यांच्या कामाचे असेच कागद असतात. अमेरिकेत श्रवणदोष आणि कानातला आवाज हे माजी सैनिकांच्या अपंगत्व दाव्यांतल्या सर्वांत मोठ्या प्रकारांपैकी आहेत आणि तिथल्या माजी सैनिक खात्याने कोणत्या लष्करी कामात आवाजाचा मारा किती संभवतो याची कामनिहाय यादीच केलेली आहे. तोफची म्हटला की आवाजाचा मारा मान्य, पुढचे बोला, अशी तिथली रीत आहे. आपल्याकडे तोफखान्यातल्या माणसाला आपण तोफेजवळ उभे होतो हे सांगावे लागते.

खोटे दावे होतात आणि सरकारी तिजोरीवर भार पडतो, हा आक्षेप मी टाळणार नाही. काही माणसे कागदांचा गैरवापर करतात हे क्लार्क म्हणून मी पाहिले आहे आणि त्यांच्यामुळे खऱ्या माणसांकडे संशयाने पाहिले जाते याचा मला संताप येतो. परंतु कान हा असा अवयव आहे की त्याच्याबाबतीत खोटे फार काळ टिकत नाही. बेरा चाचणीत रुग्णाने उत्तर देण्याची गरज नसते, डोक्याला लावलेल्या तारा मेंदूपर्यंत पोचलेला आवाज स्वतःच टिपतात. आतल्या कानाच्या पेशींचा प्रतिसाद मोजणारी आणखी एक चाचणी काही मिनिटांत होते. भरतीच्या दिवशीचा ऑडिओग्राम, दरवर्षीचा ऑडिओग्राम आणि शेवटच्या दिवशीचा ऑडिओग्राम एका पाकिटात असले, तर खोटा दावा करणारा दावाच करणार नाही आणि खऱ्याला अपिलाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. तिजोरीची काळजी असणाऱ्यांनी तर ही मागणी माझ्या आधी करायला हवी.

कारण आजही मोठा खर्च दाव्यांपेक्षा भांडणावर होतो. आधी पहिले अपील, मग दुसरे अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण आले आणि महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. जावळी किंवा पाटण तालुक्यातल्या वाडीवरून मुंबईची एक तारीख म्हणजे दोन दिवस, गाडीभाडे, वकिलाची फी, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्याबरोबर जाणारा एक माणूस. न्यायाधिकरणात जिंकल्यावरही सरकार वरच्या न्यायालयात जाते. २०१५ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी सैनिकांशी चालणारे खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर सैनिकांविरुद्ध अपिले करत राहू नये, असा त्या समितीचा रोख होता. तिचा अहवाल त्याच वर्षी सादर झाला. गोव्याच्या त्या साध्या माणसाला हा प्रश्न कळला होता, आणि तरीही माझ्या ओसरीवरची गर्दी कमी झालेली नाही. उशिराचाही फटका बसतो. २००८ च्या तरसेम सिंग निकालाने निवृत्तिवेतनाची तक्रार उशिरा करता येते हे मान्य केले, मात्र थकबाकी साधारणतः अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित ठेवली. दहा वर्षे गप्प बसलेल्याची सात वर्षे अशी बुडतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये नवे एन्टायटलमेंट रूल्स लागू झाले. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवेतून बाहेर पडणाऱ्यांना ते लागू आहेत, आधीच्यांना त्यांच्या त्यांच्या वेळचे जुने नियम. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांच्या अपंगत्वाच्या हिश्शाला त्यांत ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असे नवे नाव मिळाले आहे. नव्या नियमांवर माजी सैनिकांच्या संघटनांनी बरेच आक्षेप घेतले आहेत आणि त्या सगळ्या वादात मी इथे शिरत नाही. मला एवढेच दिसते, की नियम जितके काटेकोर होतील तितकी सैनिकाच्या हातातल्या कागदाची किंमत वाढेल, आणि कानाचा कागद तर त्याच्या हातात नाहीच.

अग्निवीरांच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी निकडीची आहे. २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली, पहिली मुले त्या वर्षाच्या अखेरीस व २०२३ च्या सुरुवातीस केंद्रांवर दाखल झाली, आणि त्यांची चार वर्षे २०२६-२७ मध्ये पूर्ण होतात. नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमधूनही अशी मुले तोफांवर गेली आहेत. चार वर्षांनंतर सेवेत कायम न झालेल्यांना निवृत्तिवेतन नाही. सेवेमुळे अपंगत्व आल्यास १००, ७५ आणि ५० टक्क्यांसाठी अनुक्रमे ४४ लाख, २५ लाख आणि १५ लाख रुपये एकरकमी देण्याची तरतूद आहे. परंतु कानाची इजा चोविसाव्या वर्षी क्वचितच पूर्ण दिसते. तेव्हा फक्त आलेखातला खड्डा असतो. माणसाला तो जाणवतो पस्तिशीत, वयाची झीज त्यात मिसळू लागते तेव्हा. त्या वेळी हा मुलगा कुठल्यातरी कंपनीत सुरक्षारक्षक असेल, वॉकीटॉकीवरचा निरोप त्याला नीट कळणार नाही, आणि दहा वर्षांपूर्वी तोफेवर काढलेल्या दिवसांचा त्याच्याकडे कसलाही पुरावा नसेल. बाहेर पडण्याच्या दिवशीचा एक ऑडिओग्राम त्याच्या हातात दिला, तर पुढच्या आयुष्यात निदान बोलायला आधार राहील.

माझी मागणी त्यामुळे अगदी मोजकी आहे. तोफखाना, चिलखती दल, पायदळातील जड शस्त्रे आणि तिन्ही दलांतील यंत्रांच्या आवाजात काम करणारे विभाग यांतील प्रत्येकाचा भरतीनंतर लगेच, मग दरवर्षी आणि सेवा सोडताना ऑडिओग्राम काढावा, त्यात ४,००० आणि ६,००० हर्ट्झच्या नोंदी असाव्यात, आणि त्याची प्रत डिस्चार्ज बुकाबरोबर सैनिकाच्या हातात द्यावी. या विभागांत ठरावीक वर्षे काढलेल्याच्या कानात असा दोष आढळला, तर तो सेवेमुळेच आला असे बोर्डाने धरून चालावे आणि तसे नसल्यास त्याची कारणे लिहावीत. आणि त्या फॉर्ममधल्या प्रश्नाचे उत्तर क्लार्कने उभ्या उभ्या टाइप करू नये. तो प्रश्न जवानाला त्याच्या भाषेत समजावून सांगून, एक दिवस विचाराला देऊन मग भरून घ्यावा. या तिसऱ्या गोष्टीला तर एक पैसाही लागत नाही.

तोवर आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात सेवेत असलेला मुलगा, जावई किंवा भाऊ आहे, त्यांनी त्याला एवढे अवश्य सांगावे, की गोळीबारानंतर कान वाजत असेल तर सिक रिपोर्ट करून ती नोंद वैद्यकीय कागदांत येऊ दे. सुट्टीवर आला की तालुक्याच्या ठिकाणी ऑडिओग्राम काढून तारखेसह घरी जपून ठेवायला हरकत नाही, ती तपासणी अर्ध्या तासाच्या आत होते. जे निवृत्त झाले आहेत त्यांनी बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत माहितीच्या अधिकारात मागवावी आणि ‘नाना’ शेऱ्यापुढे कारण लिहिले आहे का ते आधी पाहावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अपिलासाठी विचारपूस करावी. श्रवणयंत्रासाठी ईसीएचएसकडे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेकडे) स्वतंत्रपणे मागणी करता येते, त्यासाठी पेन्शनच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही, हेही अनेकांना माहीत नसते आणि ते वर्षानुवर्षे यंत्राशिवाय काढतात.

ज्या तोफचीबद्दल वर लिहिले, त्याचे दुसरे अपील आम्ही मागच्या महिन्यात पाठवले. त्यात त्याच्या बॅटरीच्या तोफांची लॉगबुके पुराव्यासाठी मागवावीत अशी लेखी विनंती केली आहे आणि त्याच्या फॉर्मातल्या त्या प्रश्नापुढे ‘निल’ कसे लिहिले गेले, हे सांगणारे माझे शपथपत्र जोडले आहे. माझ्या नोकरीच्या काळात आमच्या रेजिमेंटमधून सेवामुक्त झालेल्यांपैकी ज्यांना आज ऐकू येत नाही आणि ज्यांच्या कागदावर तोच शब्द आहे, त्यांच्यासाठीही मी तसेच शपथपत्र करून देण्यास तयार आहे. त्यांनी रविवारी सकाळी डिस्चार्ज बुक घेऊन यावे. ऐकू येत नसेल तर बरोबर कुणाला आणण्याची गरज नाही, मी समोर बसून कागदावर लिहून विचारीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हवालदार (क्लार्क), तोफखाना
जि. सातारा